माझ्या हाताच्या मापाची बाही: लिम्फेडेमासाठी स्लीव्ह निवडतानाचे एक वर्ष

७ सप्टेंबर २०२४ रोजी, गणेश चतुर्थीच्या सकाळी, डाव्या तळहातावर उकडीची पारी धरून मी कळ्या पाडत होते. सातव्या-आठव्या मोदकाला हात इतका जड झाला की तो ओट्यावर टेकवून बसावे लागले. थकवा असेल असे मानून मी दुपारपर्यंत दुर्लक्ष केले. परंतु आरतीनंतर पाटली काढायला गेले, तेव्हा रोज साबण लावून सहज निघणारी ती पाटली मनगटाच्या हाडाशी अडली. मनगटाच्या वर अंगठा दाबला तर तेथे खळगा पडत होता आणि तो काही क्षण तसाच राहत होता. दुसऱ्या दिवशी भांडुपच्या सोनाराकडे जाऊन पाटली कापून काढून घ्यावी लागली. ज्यांच्या काखेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढलेल्या आहेत, त्यांनी त्या बाजूच्या अंगठ्या आणि बांगड्या सूज येण्यापूर्वीच काढून ठेवाव्यात, असे मी तेव्हापासून भेटेल त्या प्रत्येकीला सांगते.

माझी डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. काखेतील १८ लसिकाग्रंथी त्या वेळी काढल्या गेल्या, त्यानंतर केमोथेरपी झाली आणि मार्च २०२४ मध्ये रेडिएशनच्या १५ बैठका पूर्ण झाल्या. ग्रंथी काढल्यामुळे आणि किरणांमुळे हातातील लसिकाद्रव, म्हणजे पेशींभोवतीचा जादा द्रव, वर नेणारे मार्ग तुटतात किंवा आखडतात, त्यामुळे पुढे केव्हाही, अगदी काही वर्षांनीसुद्धा, हात सुजू शकतो, हे मला घरी सोडताना सांगितले गेले होते. तो कागद माझ्या फाईलमध्ये होता. तरीही, उपचार संपले म्हणजे सर्व संपले, असे मी मनाशी धरून चालले होते आणि सूज दिसल्यावर मला पहिली भीती वाटली ती आजार परत आल्याची.

विसर्जनाची गर्दी ओसरल्यावर, २३ सप्टेंबरला, परळच्या रुग्णालयात गेले. सकाळी ७.४० ला कार्ड जमा केले आणि १२.१५ ला आत बोलावणे आले. डॉक्टरांनी काख आणि छाती तपासली, आणि रक्तवाहिनीत गुठळी नाही याची खात्री करण्यासाठी हाताची डॉपलर सोनोग्राफी लिहून दिली. ती मी बाहेर केली, १,८०० रुपये लागले. अहवाल चांगला आला. हा लिम्फेडेमा, म्हणजे लसिकाद्रव साचून येणारी सूज, आहे; तो मुळापासून बरा होईल असे समजू नका, मात्र तो आटोक्यात राहू शकतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या स्पष्टपणामुळे मला बरे वाटले, कारण आजार परतला नव्हता आणि पुढे काय करायचे याला निदान एक दिशा होती. फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी मिळाली. परंतु रोज बँडेज बांधण्यासाठीची तेथील प्रतीक्षा यादी लांब होती, म्हणून त्यांच्याच सल्ल्याने दादरच्या एका खासगी केंद्रात नाव नोंदवले. तेथेही दिवाळीनंतरची, ४ नोव्हेंबरची तारीख मिळाली.

या सहा आठवड्यांच्या मधल्या काळात माझ्याकडून जी चूक झाली ती मुद्दाम सविस्तर लिहिते. हात रोज थोडा थोडा भरत चालला होता आणि नुसते थांबून राहणे मला सहन होईना. घराजवळच्या सर्जिकल सामानाच्या दुकानात जाऊन मी हाताची स्लीव्ह, म्हणजे सूज आवरण्यासाठी हातावर चढवायची घट्ट बाही, मागितली. दुकानदाराने माझ्या दंडाकडे पाहिले आणि मिडियम साईज काढून दिली. टेप लावली नाही, चिठ्ठी मागितली नाही, हाताच्या पंज्याबद्दल काही विचारले नाही. १,४५० रुपये देऊन ती मी घरी आणली आणि दोन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत घातली. दंड बारीक दिसू लागला म्हणून आनंद झाला. परंतु दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा पंजा फुगला होता, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या नाहीशा झाल्या होत्या आणि काखेजवळ स्लीव्हच्या वरच्या काठाने लाल वळ उठवला होता. पंज्यात आधीच थोडी सूज असताना फक्त मनगटापासून वर आवळले, तर द्रव खाली पंज्यात साचतो. शिवाय वरचा काठ घट्ट असेल तर तोच एखाद्या दोरीसारखे काम करतो आणि द्रवाची वर जाण्याची वाट अडवतो. हे मला पुढे समजले. पैसे गेले याचे फारसे काही नाही. त्या दोन दिवसांत पंज्याला आलेली सूज उतरायला मात्र दोन आठवडे लागले.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवसापासून बँडेज सुरू झाले. पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी दोन्ही हातांवर पेनने मनगटापासून दर ४ सेंटिमीटरवर खुणा केल्या आणि टेपने घेर मोजला. कोपराखाली माझा डावा हात उजव्यापेक्षा ३.१ सेंटिमीटरने जास्त होता, दंडात २.२ ने. "ताई, सुजलेल्या हाताचे माप घेऊन स्लीव्ह शिवली तर ती सूज धरून ठेवेल. आधी हात उतरवू, मग माप घेऊ," हे त्यांचे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. उपचारात अगदी हलक्या हाताने केलेला निचऱ्याचा मसाज, त्यावर अनेक थरांचे बँडेज, बँडेज असतानाच करायचे व्यायाम आणि त्वचेची निगा असे चार भाग होते. हे बँडेज कमी ताणाचे असते. हात स्थिर असताना त्याचा दाब कमी राहतो आणि स्नायू हलले की ते भिंतीसारखे अडते, त्यामुळे प्रत्येक हालचालीबरोबर द्रव वर ढकलला जातो. पाय मुरगळल्यावर आपण बांधतो ते क्रेप बँडेज यासाठी चालत नाही, कारण ते स्नायूंबरोबर ताणले जाते आणि विश्रांतीच्या वेळी मात्र आवळत राहते.

बँडेजचा संच ३,८०० रुपयांचा होता आणि प्रत्येक बैठकीचे ७०० रुपये होते. २२ नोव्हेंबरपर्यंत, दोन सुट्ट्या वगळता, १३ बैठका झाल्या. त्यातली एक सुट्टी २० तारखेची, विधानसभेच्या मतदानाची होती. बोटांपासून काखेपर्यंत बांधलेला डावा हात घेऊन मी केंद्रावर गेले, तेव्हा शाई लावणाऱ्या बाईंनी क्षणभर माझ्या हाताकडे पाहिले, मग बँडेजमधून डोकावणारे तर्जनीचे टोक हलकेच धरून नखाच्या मुळाशी रेघ ओढली आणि "दुखत नाही ना?" असे विचारले. बोटांची टोके उघडी ठेवतात ती रंग पाहता यावा म्हणून; ती निळसर पडली, बधिर झाली किंवा मुंग्या आल्या, तर बँडेज लगेच सोडायचे असते.

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. ते तीन आठवडे मी अर्धा दिवस काम केले आणि दुपारच्या रिकाम्या लोकलने ये-जा केली. गर्दीच्या वेळी एका हाताने डब्यात चढणे शक्यच नव्हते. २२ तारखेला कोपराखालचा फरक ३.१ वरून १.४ वर आला होता. २५ नोव्हेंबरला सकाळी, बँडेज सोडल्याबरोबर, हात पुन्हा भरण्याच्या आत, स्लीव्हचे माप घेतले गेले. माप घेण्याची वेळ ही इतकी महत्त्वाची गोष्ट आहे, आणि दुकानात कोणीही ती विचारत नाही.

त्या दिवशी मॅडमनी टेबलावर चार-पाच नमुने मांडले आणि तासभर समजावून सांगितले. दाब मिलिमीटर पारा या एककात सांगतात, रक्तदाब मोजतात तेच हे एकक. जर्मन मोजणीनुसार क्लास १ म्हणजे १८ ते २१, क्लास २ म्हणजे २३ ते ३२ आणि क्लास ३ म्हणजे ३४ ते ४६. काही कंपन्या १५ ते २०, २० ते ३० अशी वेगळी विभागणी छापतात, म्हणून दोन कंपन्यांचा "क्लास २" एकच आहे असे गृहीत धरू नये, आकडा पाहावा. जितका दाब जास्त तितका गुण जास्त, ही माझी समजूत होती. त्यांनी सांगितले की जी स्लीव्ह दुपारी दोन वाजता नकोशी होऊन काढून पिशवीत जाते, तिच्यावर लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. दाबाइतकेच महत्त्व विणीला असते. गोल विणीची स्लीव्ह नळीसारखी सलग विणलेली, शिवण नसलेली, पातळ आणि दिसायला नीटस असते. मात्र तिला आकार देण्याला मर्यादा असतात. सपाट विणीची स्लीव्ह मापाप्रमाणे टाके वाढवत-घटवत विणून मग शिवतात. ती जाडसर आणि ताठ असते, त्यामुळे ती वळ्यांमध्ये रुतत नाही आणि ज्या हाताचा आकार वरखाली असमान आहे त्याला ती अधिक धरून राहते.

माझ्या हातासाठी सपाट वीण योग्य ठरेल असे त्यांचे मत होते. किमती ऐकल्यावर मी गोल विणीची निवडली. स्लीव्ह ४,६०० आणि बोटे असलेला वेगळा ग्लव्ह २,९००. हा निर्णय चूकच होता असे मी म्हणणार नाही, कारण सूज कमी आणि सर्वत्र सारखी असेल तर अनेकींचे काम एवढ्यावर उत्तम चालते. ५ डिसेंबरला वस्तू आली. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या जनसमुदायामुळे केंद्र बंद होते, म्हणून ७ तारखेला जाऊन घातली. तेथे मला ती घालून अर्धा तास बसवले गेले, कोपर २० वेळा वाकवायला सांगितले, वर दांडी धरल्यासारखा हात उंच करायला लावला, बटण लावून पाहायला सांगितले. घडी कोठे पडते, काठ कोठे गुंडाळला जातो, मनगटावर स्लीव्ह आणि ग्लव्ह एकमेकांवर किती चढतात, हे सर्व बसून पाहिल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत.

अर्ध्या तासात जे दिसले नाही ते तीन आठवड्यांत दिसले. कोपराच्या आतल्या बाजूला दुपारपर्यंत कापडाच्या तीन-चार बारीक सुरकुत्या गोळा होत आणि प्रत्येक सुरकुतीच्या जागी तांबडी रेघ उमटे. शेल्फवर पुस्तके लावताना मी दर पाच मिनिटांनी ती ताणून सरळ करत असे. स्लीव्ह घसरू नये म्हणून वरच्या काठाला असलेल्या सलग सिलिकॉन पट्टीखाली पुरळ आले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोपराखालचा फरक १.४ वरून २.२ झाला, आणि तो आकडा पाहून मी त्या केंद्रातच रडले. तोपर्यंतचे सर्व कष्ट वाया गेले असे वाटले. मॅडमनी मला दोष दिला नाही. सुरकुती जेथे पडते तेथे दाब दुप्पट होतो आणि तिच्या खालच्या भागात द्रव अडतो, हे त्यांनी त्या तांबड्या रेघांवर बोट ठेवून दाखवले. त्या रेघा म्हणजे हाताने आधीच दिलेली तक्रार होती आणि मी ती सवयीची बाब समजून सहन करत होते. आता कोणी "थोडे टोचणारच" असे म्हटले की मला गप्प राहवत नाही. स्लीव्ह आवळल्यासारखी जाणवावी, पण ती टोचू, रुतू किंवा बधिर करू नये.

संक्रांतीच्या आठवड्यात पुन्हा सहा दिवस बँडेज झाले, ४,२०० रुपये. २० जानेवारी २०२५ ला सपाट विणीसाठी माप घेतले गेले. या वेळच्या मापाच्या कागदावर हाताचीच १४ मापे होती, शिवाय प्रत्येक बोटाचा घेर आणि लांबी वेगळी. क्लास २ कायम ठेवला. कोपराच्या आत मऊ विणीचा तुकडा, काखेकडे तिरका काठ, आणि सलग पट्टीऐवजी ठिपक्यांचे सिलिकॉन, तेही दंडाच्या बाहेरच्या बाजूलाच, अशा तीन गोष्टी आम्ही लिहून दिल्या. स्लीव्ह आणि ग्लव्ह एकत्र जोडलेला प्रकारही मिळतो. मी वेगळे घेतले, कारण स्वयंपाक आणि हात धुणे यांसाठी दिवसातून अनेकदा फक्त ग्लव्ह काढावा लागतो. ज्यांना घरकाम करायचे आहे त्यांनी वेगळेच घ्यावेत असे माझे ठाम मत आहे.

किंमत स्लीव्हची १४,८०० आणि ग्लव्हची ९,२००, एकूण २४,००० रुपये, त्यांपैकी १२,००० आगाऊ. मापाने बनवलेली वस्तू परत घेतली जात नाही, म्हणून माप चुकल्यास दुरुस्ती विनामूल्य होईल, किती दिवसांत तक्रार करायची आणि दुरुस्तीला किती काळ लागेल, हे पावतीवरच लिहून घ्यावे. मी ते लिहून घेतले होते आणि तेच उपयोगी पडले. चार आठवड्यांचे पाच झाले, २४ फेब्रुवारीला पाकीट आले, आणि ग्लव्हच्या अंगठ्याची शिवण नेमकी तळव्याच्या बाजूला निघाली, जेथे पेन टेकतो. दुसऱ्याच दिवशी फोटो, पावती आणि मापाच्या कागदाची प्रत देऊन तो परत पाठवला. २१ मार्चला दुरुस्त होऊन आला. तोपर्यंत जुना गोल विणीचा ग्लव्ह आणि रात्री घरी बांधलेले बँडेज यांवर निभावले. बँडेज बांधायला माझी मुलगी शिकली होती.

पैशांची बाजूही सांगते. डॉपलरपासून ग्लव्हपर्यंत, प्रवास सोडून, ५१,८५० रुपये झाले. विमा कंपनीकडे मी डॉक्टरांची चिठ्ठी, मापाचा कागद आणि बिले जोडून दावा केला; "बाह्य साधन" असा शेरा मारून तो परत आला. डॉक्टरांकडून निदान, दाबाचा वर्ग आणि हे साधन उपचाराचाच भाग आहे असे लिहिलेले प्रमाणपत्र घेऊन पुन्हा अर्ज केला, आणि ४१ दिवसांनी फिजिओथेरपीच्या बिलांपैकी काही रक्कम मंजूर झाली, स्लीव्हची झाली नाही. शाळेच्या कर्मचारी कल्याण निधीतून ५,००० मिळाले. ज्यांना एवढा खर्च झेपणारा नाही त्यांनी उपचार चालू असलेल्या रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात आधीच जाऊन विचारावे. मी फार उशिरा गेले, आणि खरेदी झाल्यानंतरच्या बिलावर मदत करता येत नाही, असे तेथील ताईंनी हळहळून सांगितले. प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत घेतले असते तर दोन रजा वाचल्या असत्या.

३० मार्चला, गुढीपाडव्याला, पूर्ण दिवस मी नवी स्लीव्ह घालून होते. ब्लाउजची डावी बाही शिंप्याकडून दीड इंच सैल करून घेतली होती. संध्याकाळी काढली तेव्हा कोपराच्या आत एकही रेघ नव्हती. हात उलटसुलट करून मी दिव्याखाली पाहत राहिले.

त्यानंतरचे सर्व रोजच्या शिस्तीचे आहे. सकाळी उठल्याबरोबर, हात सर्वांत बारीक असताना, ५.३० ला स्लीव्ह घालते. क्रीम रात्रीच लावते, सकाळी नाही, कारण चिकट त्वचेवर कापड सरकत नाही आणि तेलकटपणाने लवकर खराब होते. स्लीव्ह निम्मी उलटी करून पंजा आत घालायचा, उजव्या हातात भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवायचा आणि तळव्याने थोडी थोडी वर सरकवत न्यायची. वरचा काठ धरून ओढायची नाही. पहिल्या दिवशी मला १२ मिनिटे लागली, आता तीन पुरतात. रात्री काढून सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुते, पिळत नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि सावलीत आडवी पसरते. जूनपासून आमच्या चाळीच्या गॅलरीत काहीच वाळेना. सपाट विणीचे जाड कापड पंख्याखालीही सकाळपर्यंत दमटच राही. ओली स्लीव्ह घालू नये, म्हणून पावसाळ्यात जुनी गोल विणीची जोडी एक दिवसाआड वापरली. पहिल्यापासून दोन जोड घेणे हेच योग्य, ज्यांना परवडते त्यांनी तसेच करावे. मे महिन्यातील घामाला उत्तर सापडले नाही. दुपारी स्लीव्हवरच पाण्याचा हलका फवारा मारून पंख्याखाली बसले की थोडा थंडावा मिळतो, एवढेच.

डास चावला, सुरी लागली, फोडणी उडाली, तर ती जागा लगेच धुऊन मलम लावते. हात अचानक लाल, गरम झाला किंवा ताप आला तर स्लीव्ह काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, दुसऱ्या सकाळची वाट पाहायची नाही, असे मला बजावलेले आहे. असा संसर्ग सूज आणखी वाढवतो.

ऑगस्टमध्ये स्लीव्ह फारच सहज चढू लागली. रोजच्या वापरात सुमारे सहा महिन्यांत ताण उतरतो, आणि सहज चढणे हीच त्याची खूण आहे. २२ ऑगस्टला पुन्हा माप दिले. कोपराखालचा फरक १.३ होता.

२७ ऑगस्टला, गणेश चतुर्थीला, स्लीव्ह ठेवून फक्त ग्लव्ह काढला आणि ११ मोदक केले, बाकीचे मुलीने केले. मध्ये दोनदा थांबून हात उशीवर उंच ठेवला, आणि पीठ धुतल्याबरोबर ग्लव्ह पुन्हा चढवला. रात्री टेप लावली तेव्हा मनगट सकाळपेक्षा ३ मिलिमीटरने जास्त होते, कोपर आणि दंड होते तसेच. २८ तारखेला सकाळी मनगटही पूर्ववत झाले होते. नवा जोड १९ सप्टेंबरपर्यंत येईल असे सांगितले होते, आणि अंगठ्याची शिवण तळव्याकडे नको, हे या वेळी मापाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहून दिले होते.